वाचकांचे प्रश्न: दीनाची गोष्ट आणि लाल तंबू

गेल्या अंकात विचारलं होतं की जुन्या पुस्तकांच्या ढिगात तुम्हाला काय सापडलं ते कळवा. पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी एकाच इंग्रजी कादंबरीवर होती. अनिता डायमंट यांची 'द रेड टेंट', १९९७ साली अमेरिकेत आलेली. बायबलमधल्या याकोबाच्या मुलीची, दीनाची गोष्ट तिच्याच तोंडून सांगितलेली. सेकंडहँड बाजारात हे पुस्तक हमखास दिसतं. छापलं तेव्हा फारसं खपलं नव्हतं, मग उरलेल्या प्रती यहुदी धर्मगुरूंना पाठवल्या गेल्या आणि तिथून एका बाईने दुसरीला सांगत सांगत लाखो प्रती खपल्या. म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच पुस्तकाला दिलाय.

ताई, मी वसईची. फोर्टच्या फुटपाथवर हे पुस्तक मिळालं. आमच्याकडे रोज संध्याकाळी प्रार्थनेला बायबल वाचतात, याकोब, योसेफ, बाराही भाऊ सगळ्यांना पाठ. पण दीना म्हटलं तर कुणाला आठवेना, सासूबाई तर म्हणाल्या की अशी कोणी नाहीच. शेवटी मुलाने उत्पत्तीचा ३४वा अध्याय उघडून वाचून दाखवला आणि सगळे गप्पच झाले. आता माझा घोटाळा असा की तिथे जे लिहिलंय त्याच्या अगदी उलट कादंबरीत आहे. खरं कोणाचं धरू?

तुमच्या घरातले गप्प झाले यात नवल नाही, तो अध्यायच तसा आहे. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याकोबाचं कुटुंब शखेम नगराजवळ तळ टाकून आहे. त्याची बायको लेआ, तिची मुलगी दीना तिथल्या मुलींना भेटायला बाहेर पडते. नगराचा मुख्य हमोर, त्याचा मुलगा तिला पाहतो, धरतो, तिच्यापाशी निजतो, तिची अब्रू घेतो. मग त्याचा जीव तिच्यावर जडतो, तो तिच्याशी गोड बोलतो आणि बापाला सांगतो की हिच्याशीच लग्न लावून द्या. हमोर बोलणी करायला येतो, मुलगा वाटेल तेवढा हुंडा मागा म्हणतो, इथे हुंडा मुलाकडचे देणार. दीनाचे भाऊ मनात कपट धरून म्हणतात, तुमच्या गावातल्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्या मग देतो. ते घेतात. तिसऱ्या दिवशी सगळे पुरुष वेदनेने पडलेले असताना शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन गावात शिरतात, एकूण एक पुरुष कापतात, दीनाला त्या घरातून बाहेर काढतात आणि बाकीचे भाऊ येऊन गाव लुटतात, बायकापोरं उचलून नेतात. याकोब चिडतो, पण कशासाठी, तर आता आजूबाजूचे लोक आपल्यावर उठतील म्हणून. मुलं उलट विचारतात, मग आमच्या बहिणीला वेश्येसारखं वागवू द्यायचं होतं का? आणि या प्रश्नावर अध्याय संपतो. उत्तर नाही.

३१ वचनं आहेत. बाप बोलतो, भाऊ बोलतात, हमोर बोलतो, तो मुलगा बोलतो, गावातले पुरुष वेशीवर बसून चर्चा करतात. दीना एक शब्द बोलत नाही. तिला काय झालं, तिला तो हवा होता की नको होता, भावांनी तिला ओढून आणलं की तिची सुटका केली, कुणी विचारतच नाही. पुढे ४६व्या अध्यायात मिसरला, म्हणजे इजिप्तला जाणाऱ्यांची यादी आहे त्यात लेआच्या मुलांच्या नावांमागे तिचं नाव येतं आणि मग ती बायबलमधून गेलीच.

कादंबरी नेमकी या जागेत शिरते. तिथे दीना सुईण आहे, हमोरच्या घरात एका बाळंतपणाला मावशी राहेलबरोबर (लेआची बहीण, याकोबाचीच दुसरी बायको) जाते, तिथला राजपुत्र तिला आवडतो, त्याचं नाव इथे शालेम आहे, आणि ती स्वतःच्या मनाने त्याची होते. म्हणजे गुन्हा भावांचा. ती शालेमच्या शेजारी झोपलेली असताना ते त्याला मारतात. त्यानंतर ती बापाच्या तळावर जाऊन बापाला आणि भावांना शाप देते आणि निघून जाते, शालेमची आई मिसरची असते ती तिला मिसरला घेऊन जाते.

आता खरं कोणाचं. मूळ अध्यायात जबरदस्ती झाली की नाही यावर अभ्यासकांमधे आजही वाद आहे, काही जण म्हणतात की तो बलात्कारच, दुसऱ्यांचं म्हणणं असं की त्या काळच्या लोकांना बाप-भावांची परवानगी न घेता झालेला संबंध हाच अपमान वाटायचा, मुलीच्या इच्छेचा तिथे प्रश्नच नव्हता. लेखिकेने दुसरी वाट धरली. मला कादंबरी आवडते, तरी एका गोष्टीवर माझं मन तिच्याशी जुळत नाही आणि ते स्पष्ट सांगते. दीनाला तिची इच्छा परत दिली हे मोठं काम झालं, पण ते करताना जिच्यावर खरोखर जबरदस्ती झाली असेल ती दीना पुन्हा एकदा पुसली गेली. बलात्कार झालेल्या मुलीला आवाज देणारी कादंबरी लिहिणं जास्त अवघड होतं, आणि जास्त गरजेचंही होतं असं मला वाटतं. तेव्हा तुम्ही दोन्ही जवळ ठेवा. अध्यायाला अध्याय म्हणून वाचा, कादंबरीला एका लेखिकेने दिलेलं उत्तर म्हणून वाचा, आणि सासूबाईंना जमलं तर गोष्ट मराठीतून सांगा, त्यांचं मत मला कळवा. मनापासून ऐकायचंय.

नमस्कार. मी नागपूरला असते, माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं. कॉलेजच्या मैत्रिणीने हे पुस्तक दिलं, तिने सेकंडहँड घेतलेलं. पाळीच्या दिवसांत सगळ्या बायका लाल तंबूत एकत्र राहतात, खातात, गाणी म्हणतात, एकमेकींचे केस विंचरतात, हे वाचून तिला भरून आलं. मला राग आला. आमच्याकडची कुर्माघरं, पाळीच्या बायकांना बाहेर बसवायच्या झोपड्या, मी पाहिली आहेत, गळकं छप्पर, दार नीट लागत नाही, रात्री सापाची भीती. त्यात कसला आलाय आनंद? आणि बायबलमधे खरंच असा तंबू होता का?

तुमचा राग मला पूर्ण पटतो. आधी माहितीचं सांगते. बायबलमधे असा तंबू कुठेही नाही. लेवीय पुस्तकाच्या १५व्या अध्यायात पाळीच्या बाईचे नियम आहेत, सात दिवस अशुद्ध, ती ज्यावर बसेल निजेल ते अशुद्ध, तिला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध, पण गावाबाहेर किंवा वेगळ्या तंबूत राहा असं तिथे म्हटलेलं नाही. आणि बायबलच्याच क्रमाने गेलं तर हे नियम मोशेच्या वेळचे, म्हणजे याकोबाच्या कितीतरी पिढ्या नंतरचे. उत्खननातही इस्राएली लोकांमधे असा तंबू असल्याचा पुरावा मिळालेला नाही. जगात इतर ठिकाणी अशा झोपड्या होत्या आणि आहेत, त्यावरून लेखिकेने ही कल्पना घेतली आणि तसं तिने स्वतः सांगितलेलंही आहे.

एक धागा मात्र मूळ गोष्टीत आहे आणि तो फार जबरदस्त आहे. उत्पत्ती ३१. याकोब सासऱ्याला, लाबानाला न सांगता बायकामुलं गुरंढोरं घेऊन पळतो, निघताना राहेल बापाच्या घरातल्या देवमूर्ती चोरते. लाबान सात दिवस पाठलाग करून गाठतो आणि एकेक तंबू धुंडाळतो. राहेल मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवून त्यावर बसून राहते आणि बापाला म्हणते, रागावू नका, मला उठता येत नाही, माझी पाळी चालू आहे. तो सगळीकडे शोधतो पण तिला उठवत नाही. ज्या विटाळाने बाईला लांब ठेवलं त्याच विटाळाआड राहेलने बापाचे देव दाबून ठेवले! मला वाटतं अख्खी कादंबरी या एका प्रसंगातून उगवली असावी.

आता तुमचा मुख्य मुद्दा. सक्तीने बाहेर बसवणं आणि स्वतःच्या हक्काची तीन दिवस विश्रांती मिळणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. कादंबरीतल्या बायका शक्तीशाली घराण्यातल्या आहेत, तंबू त्यांचा आहे, आत काय चालतं ते पुरुषांना माहीतसुद्धा नाही. गळक्या झोपडीत ढकललेल्या बाईला हे लागू होत नाही आणि तुमच्या मैत्रिणीला हे तुम्ही जरूर सांगा. पण पुस्तकावर तेवढा एकच आरोप ठेवू नका, कारण त्यात एक प्रसंग आहे जो वाचकांच्या नजरेतून सुटतो. याकोबाचा भाऊ एसाव, त्याची मुलगी ताबेआ, दीनाची जिवाभावाची मैत्रीण. तिला पहिली पाळी येते तेव्हा तिची आई जुने विधी करत नाही, तर आजी रिबका सगळ्यांसमोर तिला झिडकारते आणि हाकलून देते. म्हणजे तंबूतली सत्ताही कुणाला तरी बाहेर काढते, आणि काढणारी बाईच आहे. लेखिकेला हे दिसत होतं. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात खरा भाग तोच, आणि तो अजून पुढे न्यायला हवा होता, दोनचार पानांत उरकलाय.

मी नाशिकला शाळेत इतिहास शिकवतो. रद्दीवाल्याकडून ही कादंबरी किलोच्या भावात मिळाली. मलपृष्ठावर ऐतिहासिक कादंबरी असं म्हटलंय. मुळात या लोकांचा काही इतिहास आहे का, की सगळंच कल्पित?

सर, माणसांचा पुरावा नाही, जागांचा आहे. याकोब, लेआ, दीना यांचा त्या काळच्या बायबलबाहेरच्या कुठल्याही लेखात उल्लेख सापडलेला नाही. पण शखेम नगर पक्कं खरं. पॅलेस्टाईनमधलं आजचं नाब्लुस शहर आहे त्याच्या लगत तेल बलाता नावाची टेकडी आहे, एबाल आणि गरिज्जीम या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत, तिथे १९१३ पासून जर्मन अभ्यासक अर्न्स्ट सेलिन यांनी खोदायला सुरुवात केली आणि तटबंदी, वेशी, मंदिर असं बरंच निघालं. मिसरमधल्या अमार्नाला मातीच्या पाट्यांवर लिहिलेली राजकीय पत्रं सापडली होती, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातली, त्यात शखेमचा राज्यकर्ता लबाया याची पत्रं आहेत आणि त्याच्याविरुद्ध शेजाऱ्यांच्या तक्रारीही आहेत. म्हणजे शखेमचा कुणी प्रमुख असणं, त्याने आसपासच्यांशी सोयरीक करणं भांडणं, हे चित्र काळाला धरून आहे.

उंटाचं मात्र गंमतीदार आहे, मुलांना सांगण्यासारखं. राहेल बसली ते उंटाचं खोगीर मी वर सांगितलंच. इस्रायलच्या दक्षिणेला तिम्नाच्या खोऱ्यात तांब्याच्या जुन्या खाणी आहेत, तिथल्या हाडांच्या अभ्यासातून असं दिसतं की त्या भागात ओझ्याचे पाळीव उंट ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकाच्या शेवटाकडे आले. याकोबाचा काळ परंपरेने त्याच्या कितीतरी आधीचा धरतात. म्हणजे गोष्ट ज्यांनी लिहून काढली त्यांनी आपल्या काळातले उंट आजोबा-पणजोबांच्या गोष्टीत घातले. कादंबरीकार करतात तेच, आणि इथे ते मूळ ग्रंथातच झालंय.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. कादंबरीत बाळंतपणं अगदी जवळून रंगवली आहेत, अडलेली बाई विटांवर पाय देऊन उकिडवी बसते, मागून एक जण धरते, सुईण पुढे. मिसरमधे अशा विटा वापरत हे चित्रांवरून आणि लेखांवरून माहीत होतं पण प्रत्यक्ष वीट हातात आली नव्हती. २००१ साली, म्हणजे पुस्तक आल्यावर चार वर्षांनी, अबायडॉसला अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांना एका जुन्या घराच्या उत्खननात तशी एक वीट मिळाली. कच्च्या मातीची, साधारण साडेतीन हजार वर्षांहून जुनी, आणि त्यावर रंगात चित्र, आई बसलीय, हातात नुकतं जन्मलेलं बाळ, दोन्ही बाजूंना मदतीच्या बायका. ते चित्र पाहताना कादंबरीची पानंच आठवतात. इतिहास म्हणून विचाराल तर या पुस्तकाचं खरं बळ इथे आहे, राजे आणि लढायांमधे नाही तर दाई, औषधी मुळ्या, सूत कातणं, भाकरी, बिअर गाळणं यात. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावं दिली आहेत आणि ज्या फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, त्यांना मुलगे मारायला सांगितलं त्याचं नाव दिलेलं नाही. मुलांना हे दाखवा, त्यांच्या लक्षात राहील.

अहिल्यानगरहून लिहितोय, आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याला वाचनाची बैठक असते. मी या कादंबरीबद्दल बोललो तर एक ज्येष्ठ म्हणाले की शास्त्रात भर घालायला परवानगी नाही, असलं वाचूच नये. त्यांचा मान राखून काय उत्तर द्यावं?

दादा, आधी त्यांचं ऐकून घ्या, त्यांची काळजी खरी आहे. कादंबरीत याकोब दुबळा आहे, योसेफ गर्विष्ठ आहे, लेआ राहेल वगैरे बायका इतर देवींना भजतात. श्रद्धेने वाचणाऱ्याला हे लागणारच, आणि ते लागलं तर त्यात चुकीचं काहीच नाही.

पण भर घालण्याचं म्हणाल तर ही रीत फार जुनी आहे. यहुदी धर्मगुरूंनी मूळ वचनांच्या मधल्या रिकाम्या जागा भरून कथा रचल्या, त्यांना मिद्राश म्हणतात, आणि दीनावरच कितीतरी आहेत. एकात तिचं लग्न बायबलमधल्याच ईयोबाशी लावून दिलंय. दुसरीकडे योसेफाची बायको आसनथ ही दीनाचीच मुलगी ठरवलीय. आणि एका ठिकाणी सगळा दोष दीनावर, ती घराबाहेर पडली म्हणून झालं, आणि आई लेआही अशीच बाहेर पडणारी होती, आई तशी लेक! दीड हजार वर्षांपूर्वी पुरुषांनी भर घालून तिला दोषी ठरवलेलं चाललं, तर आज एका बाईने भर घालून तिची बाजू मांडली याला हरकत का घ्यावी, एवढं नम्रपणे विचारता येईल.

आपल्याकडचं उदाहरण दिलंत तर ज्येष्ठांना जास्त जवळचं वाटेल. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, १५७९ मधे गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्या, पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. गोष्ट बायबलची, घाट आपल्या पुराणाचा. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे अब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठी कीर्तनं रचली, चाली इथल्याच. आणि आपण सगळ्यांनी कर्णाच्या तोंडून महाभारत वाचलेलं आहे, 'मृत्युंजय' १९६७ ची, म्हणून कुणी व्यासांचं महाभारत फेकून दिलं नाही, उलट कितीतरी जण कादंबरीवरून मुळाकडे गेले. तुमच्या बैठकीत एक करता येईल. आधी उत्पत्ती २९ ते ३५ सगळ्यांनी मोठ्याने वाचायचं, पंडिता रमाबाईंचं भाषांतर असेल तर तेही शेजारी ठेवा, आणि मग विचारायचं की यात बायका कुठे कुठे बोलतात. लेआ-राहेलचं पुत्रदात्रीवरून (मूल व्हावं म्हणून घेतात ती वनस्पती) भांडण, मुलांना नावं देताना प्रत्येक आई काय म्हणते, राहेल मरताना काय नाव ठेवते. त्या बोलतात तिथे काय जोरात बोलतात हे दिसलं की दीनाचं गप्प असणं आपोआप टोचायला लागेल. कादंबरी त्यानंतर वाचा किंवा नका वाचू.

माझ्या प्रतीची शेवटची काही पानं गायब आहेत. दीना मिसरमधे म्हातारी होत आलीय, योसेफ भेटलाय आणि पुढे पुस्तकच नाही. शिवाय आधीच्या मालकाने पेन्सिलीने समासात लिहून ठेवलंय आणि कुबट वासही येतो. शेवट सांगा ना प्लीज! - पुणे

शेवट सांगतेय, ज्यांना नको त्यांनी इथे थांबा. योसेफ बापाच्या अखेरच्या भेटीला निघतो, एकट्याने जायचं धाडस होत नाही म्हणून दीनाला बरोबर नेतो. ती ओळख न देता तळावर जाते. याकोब तिचं नावही काढत नाही. पण भाऊ बन्यामीनाची एक तरुण मुलगी, गेरा, बायकांच्या घोळक्यात तिला घरातल्या गोष्टी सांगता सांगता दीनाची गोष्ट सांगते, समोर तीच बसलीय हे माहीत नसताना. म्हणजे पुरुषांनी विसरली तरी बायकांनी पोटात ठेवली होती. मग भाऊ यहूदा तिला ओळखतो आणि राहेलची अंगठी देतो, लेआने मरताना दीनासाठी ठेवलेली. बहिणीबहिणींत एका नवऱ्यावरून जन्मभर चुरस, आणि त्या नवऱ्याने एकीला दिलेली अंगठी दुसरीने आपल्या मुलीसाठी राखून ठेवली, तिथे मला दर वेळी थांबावं लागतं. दीना परत मिसरला येते आणि तिचा सुतार नवरा बेनिया जवळ असताना शांतपणे जाते.

पेन्सिलीचं लिखाण खोडू नका, आधीच्या वाचकाला कुठे प्रश्न पडले ते कळतं, आणि जाड रबराने पातळ कागद फाटतो ते वेगळंच. वासासाठी पुस्तक उभं करून पानं सुटी करा आणि वारा येईल अशा सावलीत ठेवा, कडक उन्हात नको, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सुटी पानं सेलोटेपने चिकटवू नका, त्याचा तपकिरी डाग कायमचा राहतो, गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. गायब पानं मिळवायला जवळच्या मोठ्या लायब्ररीत विचारा, पण पान नंबर धरून शोधू नका, आवृत्तीप्रमाणे बदलतात. कादंबरीचे तीन भाग आहेत, आयांच्या गोष्टी, माझी गोष्ट आणि मिसर, तुम्हाला तिसऱ्याचा शेवट हवाय.